सोलरवाला दारात आला, तर

आपल्या रेडिओवर मागच्या महिन्यात सोलरवर आमची गप्पा झाली. त्यानंतर केंद्राचा फोन दोन आठवडे थांबलाच नाही. कोणी विचारत होतं, सबसिडी खरी का? कोणी म्हणत होतं, आकडे पुन्हा सांगा, पोळ्या करताना लिहून घ्यायचे राहिले. म्हणून ती गप्पा थोडी वाढवून इथे छापतो आहोत.

सुरुवात एका पिशवीपासून झाली. शेजारच्या वाडीतल्या एक वहिनी दुपारच्या वेळी केंद्रावर आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागदांची चळत. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, त्यात एक फ्रीज, टीव्ही, दोन पंखे, मिक्सर. महिन्याला नव्वदेक युनिट वीज लागते आणि बिल साडेसातशेच्या आसपास येतं. एक दिवस गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेला एक मुलगा दारात आला. ‘वहिनी, सरकारी योजना आहे. बिल शून्य होणार. लाईट गेली तरी तुमच्या घरात उजेड राहणार. सबसिडी ७८ हजार. आज शेवटचा दिवस आहे.’ त्याने आधार कार्ड घेतलं, लाईट बिलाचा फोटो काढला, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला. चार दिवसांत छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल उभे राहिले.

वहिनी आमच्याकडे आल्या तेव्हा पाच महिने झाले होते. बँक खात्यातून दर महिन्याला अडीच हजारांच्या वर हप्ता कापला जात होता. कर्ज होतं १ लाख ९५ हजारांचं, दहा वर्षांसाठी. सबसिडी आली नव्हती. आणि लाईट बिल कमी होण्याऐवजी वाढलं होतं. वर दुपारी लाईट गेली की सोलरही बंद पडत होतं. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: ‘हे असंच असतं, का मला फसवलंय?’

आम्हालाही लगेच उत्तर देता आलं नाही. आम्ही पिशवी रिकामी केली, कागद लावले, महावितरणच्या उपविभागात दोन खेपा मारल्या, या कामातल्या एका जाणत्या वायरमन दादांना बसवून घेतलं. मग कळलं की थोडं असंच असतं, आणि थोडं फसवलंय. या दोन्हींतला फरक कळला पाहिजे, कारण जे असंच असतं त्याची तक्रार चालत नाही. जे फसवणुकीने होतं त्याची चालते.

आधी जे असंच असतं ते.

आपल्या योजनेत जे सोलर बसतं ते लाईटच्या लाईनला जोडलेलं असतं, त्याला ऑन-ग्रिड म्हणतात. दिवसा पॅनेल वीज तयार करतं, ती आधी घरात वापरली जाते आणि उरलेली लाईनवर जाते. रात्री आपण लाईनवरची वीज घेतो. किती गेली आणि किती आली याचा हिशेब नेट मीटर ठेवतो. आता समजा डीपीवरून लाईट गेली. वायरमन दादा खांबावर चढले. त्या वेळी आपल्या छतावरून लाईनवर वीज येत राहिली तर खांबावरच्या माणसाचा जीव जाईल. म्हणून लाईट गेली की ही यंत्रणा आपोआप बंद होते, तसं तिच्यात मुद्दाम केलेलं असतं. लाईट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि सबसिडी बॅटरीवर मिळत नाही. म्हणजे वहिनींच्या सोलरमध्ये बिघाड नव्हता. पण ‘लाईट गेली तरी उजेड’ असं सांगून ते विकलं, ही मात्र फसवणूक आहे. आपल्याकडे जिथे भर दुपारी तीन तीन तास लाईट नसते, तिथे आणखी एक हिशेब धरायला हवा. तेवढा वेळ ऊन असूनही सोलर वीज तयार करत नाही.

दुसरं, बिल शून्य होत नाही. विजेचे युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार लागतोच, तो जोडणी असण्याचा आकार आहे. ‘शून्य बिल’ म्हणणाऱ्याला विचारा, स्थिर आकार कोण भरणार? तिसरं, पावसाळ्यात उत्पादन घटतं. जुलै-ऑगस्टचा आकडा बघून घाबरू नका आणि एप्रिलचा बघून हुरळून जाऊ नका.

आता फसवणुकीकडे येऊ. यातली सगळ्यात मोठी फसवणूक आम्हाला सुरुवातीला दिसलीच नव्हती. आम्ही सबसिडी आणि मीटर शोधत बसलो होतो. वायरमन दादांनी लाईट बिलाच्या मागची बारा महिन्यांची नोंद बघितली आणि म्हणाले, ‘नव्वद युनिटला तीन किलोवॅट कशाला?’

मैत्रिणींनो, हा हिशेब प्रत्येकीने पाठ करावा असा आहे. आपल्या महाराष्ट्राच्या उन्हात एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला ११० ते १२० युनिट. त्याला छतावर सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. तीन किलोवॅट म्हणजे महिन्याला साडेतीनशे युनिट. वहिनींना लागतात नव्वद. उरलेल्या अडीचशेचं काय? ते युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, पण ३१ मार्चला वर्ष संपलं की उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, आणि आपण ज्या दराने वीज घेतो त्यापेक्षा कमी दराने घेते. म्हणजे वहिनी साडेसातशेचं बिल वाचवायला अडीच हजारांचा हप्ता भरत होत्या. त्यांना एक किलोवॅट पुरलं असतं. त्याची किंमत बाजारात साठ-सत्तर हजारांच्या घरात असते, त्यातले ३० हजार सबसिडीचे परत येतात. राहिलेले पैसे पाच-सहा वर्षांत बिलातून सुटतात.

विक्रेता मोठं यंत्र का विकतो, हे सांगायला नको. मोठ्या यंत्रात त्याला जास्त पैसे सुटतात. आपण मात्र सोलर घेताना साडी घेतो तसं ‘थोडं मोठंच घेऊ, पुढे लागेल’ म्हणतो. पुढे पाण्याची मोटर, इस्त्री, मुलाचं लग्न, एसी असं खरोखर ठरलेलं असेल तर ठीक. नाहीतर बिलाच्या मागचे बारा आकडे बेरीज करा, बाराने भागा, आणि एक किलोवॅटला ११० युनिट धरून बघा. सातवी-आठवीतल्या मुलीलाही हे गणित जमतं. आम्ही गटाच्या बैठकीत करून बघितलं. बावीस बिलांपैकी तीन किलोवॅटची गरज फक्त दोघींना निघाली.

सबसिडीचे खरे आकडे असे. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये. त्यापुढे दहा किलोवॅट बसवलं तरी ७८ हजारच. ही रक्कम यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, वीज कंपनीची तपासणी होऊन मग आपल्या बँक खात्यात येते. आधी कोणालाच मिळत नाही. ‘सबसिडी आम्ही वजा करून देतो’ असं कोणी म्हटलं तर ती कोणाच्या खात्यात येणार, हे कागदावर लिहून मागा. शिवाय महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या सबसिडीवर राज्याची आणखी भर मिळते. तिच्या अटी आणि शिल्लक कोटा महावितरणच्या कार्यालयात विचारा. नव्वद युनिटवाल्या वहिनींना त्या मुलाने या योजनेचं नावही सांगितलं नव्हतं.

अर्ज योजनेच्या सरकारी राष्ट्रीय पोर्टलवर होतो, त्याला पैसे लागत नाहीत. नोंदणी शुल्क, फाईल चार्ज, ‘साहेबांचे पाचशे’ असं काही नसतं. सूर्यघरच्या नावाने आणि शेतीपंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईट निघतात, कुसुमबद्दल तर केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वेळोवेळी लोकांना सावध केलं आहे. पोर्टलवर नोंदणी केलेल्या विक्रेत्यांची यादी असते. दारात आलेल्या माणसाच्या कंपनीचं नाव त्या यादीत आहे का, हे त्याच्या टॅबवर बघू नका. आपल्या मुलीच्या मोबाईलवर बघा, किंवा सेतू केंद्रात बघा. यादीत नाव असणं म्हणजे काम चांगलं असण्याची हमी नव्हे. पण यादीत नसलेल्याकडून घेतलं तर सबसिडी नाही, एवढं नक्की.

आणि पॅनेल भारतात बनलेलं हवं, त्यातल्या सेलसकट. त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. बिनडीसीआर पॅनेल स्वस्त मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. काही विक्रेते भाव डीसीआरचा लावतात आणि माल दुसरा चढवतात. प्रत्येक पॅनेलच्या मागे अनुक्रमांक असतो. पॅनेल छतावर चढण्याआधी, अंगणात टेकवलेले असतानाच, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. एकदा वर गेले की मागची बाजू दिसत नाही. हे आम्हाला वहिनींच्या छतावर झोपून, मोबाईल खाली घालून फोटो काढताना चांगलंच समजलं.

आता कर्ज. वहिनींना आपण कर्ज घेतलंय हे पहिला हप्ता कापला गेला तेव्हा कळलं. ‘सरकारी फॉर्म आहे’ म्हणून ओटीपी मागितला होता. तो कर्जाच्या करारावरच्या सहीचा होता. मोबाईलवरचा ओटीपी म्हणजे सही, आणि यंत्रावरचा अंगठा म्हणजेही सही. पूर्वी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, त्यातलाच हा प्रकार, फक्त कागद काचेचा झाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, घरगुती कर्जदाराला कर्ज देण्याआधी एक मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा व्याजदर किती, फी किती, विमा किती, हप्ते किती, हे एका जागी लिहिलेलं असतं. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. मराठीत मागा. कर्ज देणारा ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा तक्रार क्रमांक १४४४८ आहे. सूर्यघर योजनेत सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांच्या आत विनातारण कर्ज देतात आणि त्याचं व्याज फायनान्स कंपनीपेक्षा बरंच कमी असतं. विक्रेत्याने आणलेलं कर्ज घेण्याआधी एकदा आपल्या बँकेत जाऊन विचारा. बसचं तिकीट वसूल होईल.

आणखी एक अडचण फक्त बायकांची आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. वहिनींचं लाईट बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, कर्ज वहिनींच्या नावावर. अर्ज होतो लाईट बिलाच्या ग्राहक क्रमांकावर. बिलावरचं नाव आणि बँक खात्यातलं नाव जुळलं नाही की सबसिडी अडकते. विक्रेत्याला हे माहीत होतं, कारण तो रोज हेच काम करतो. त्याने सांगितलं नाही, कारण मग नाव बदलण्यात काही दिवस गेले असते आणि महिन्याचं त्याचं टार्गेट हुकलं असतं. आपल्यातल्या किती जणींच्या घरचं बिल अजून मेलेल्या माणसाच्या नावाने येतं? बैठकीत हात वर करायला सांगितलं तर निम्मे हात वर आले. सोलर घ्या किंवा घेऊ नका, हे नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घराचा उतारा लागतो. बाकी कागद उपविभागात सांगतील. बदलतानाच स्वतःचं नाव लावता आलं तर लावा, हे आम्ही आगाऊपणे सांगून टाकतो.

मग बिल का वाढलं होतं? छतावर यंत्रणा होती, पण मीटर जुनाच होता. विक्रेत्याने नेट मीटरचा अर्ज पुरा केलाच नव्हता, तरी यंत्रणा चालू करून निघून गेला. कित्येक साध्या मीटरना वीज आत आली की बाहेर गेली हे कळत नाही, ते दोन्ही वापरलेलीच धरतात. वहिनींची उरलेली वीज लाईनवर जात होती आणि तिचंही बिल वहिनींनाच येत होतं. नेट मीटर लागून वीज कंपनीने परवानगी दिल्याशिवाय यंत्रणा चालू करू द्यायची नाही, विक्रेता कितीही म्हणाला तरी. आणि वीज कंपनीलाही मुदत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहा किलोवॅटपर्यंतचा पूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा, आणि यंत्रणा बसल्यावर ती चालू करून देण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. उशीर वीज कंपनीकडून होत असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून घ्या. मग ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल.

पैसे कसे द्यावेत, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. रोख देऊ नका. चेक किंवा खात्यातून, आणि टप्प्याटप्प्याने. थोडे ठरल्यावर, मोठा भाग माल अंगणात आल्यावर आणि अनुक्रमांक तपासल्यावर, आणि एक चांगला मोठा तुकडा नेट मीटर फिरायला लागल्यावर. तो शेवटचा तुकडा आपल्या हातात असेल तर विक्रेता फोन उचलतो. बँकेचं कर्ज असेल आणि बँक थेट विक्रेत्याला पैसे देणार असेल तर शेवटचा भाग तपासणीनंतरच द्या, असं बँकेला लेखी सांगून बघा. विक्रेते नाक मुरडतात. एक जण आम्हाला म्हणाला, ‘बायकांचा गट फारच व्यवहारी झालाय.’ आम्ही हो म्हणालो.

करार मात्र हवाच. पोर्टलवर ग्राहक आणि विक्रेता यांच्यातल्या कराराचा नमुना आहे, तोच वापरा. त्यात पॅनेलची कंपनी आणि संख्या, इन्व्हर्टरची कंपनी, एकूण किंमत, किती दिवसांत काम, आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करायची, हे यायला हवं. ही पाच वर्षांची देखभाल योजनेतच आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. वॉरंटीच्या बाबतीत ‘२५ वर्षं’ हा शब्द ऐकून थांबू नका. पॅनेलला दोन वॉरंट्या असतात. पंचवीस वर्षांची असते ती वीज किती टक्क्यांच्या खाली जाणार नाही याची. काच, चौकट, जोड यांच्या बिघाडाची वॉरंटी वेगळी आणि कमी वर्षांची असते. इन्व्हर्टरची आणखी वेगळी आणि बहुतेक वेळा त्याहूनही कमी. सगळ्यात आधी बिघडतो तो इन्व्हर्टरच. माकडाने उडी मारून काच फोडली तर कोणतीच वॉरंटी नाही, त्यासाठी विमा बघावा लागतो. कोकणातल्या मैत्रिणींनी तर सांगाड्याची मजबुती आणि विमा यांना पहिला नंबर द्यावा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत पत्रे कसे उडवले ते आठवत असेलच. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपरावर बसवायचं असेल तर खालचे वासे आणि कैच्या वजन पेलतील का, हे गावातल्या चांगल्या सुताराला किंवा गवंड्याला आधी दाखवा. विक्रेता ‘बसतंय की’ म्हणणारच. अर्थिंग आणि वीजरोधक बसवला का, तेही बघा. आणि नारळाची किंवा लिंबाची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्यासोबतच्या पॅनेलचंही उत्पादन पडतं, म्हणून पाहणी सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशी तिन्ही वेळा करा. साखर कारखान्याजवळच्या गावांत गळिताच्या हंगामात काजळी बसते. तिथे पॅनेल आठवड्याला धुवावे लागतात. धुणार कोण, हेही घरात आधीच ठरवा. नाहीतर ते कोणाच्या वाट्याला येईल, तुम्हाला माहीतच आहे.

काही ठिकाणी आता दुसरा प्रकार येतो आहे. ‘एक रुपया नको, फक्त छत द्या. पॅनेल आमचे, वीज वापरा आणि युनिटप्रमाणे पैसे द्या.’ याला रेस्को म्हणतात. सूर्यघर योजनेतही याला जागा आहे. पैसे नसलेल्या घराला हे बरं वाटतं आणि काही वेळा असतंही. पण यात पॅनेल आपले नसतात, छत आपलं असतं. त्यामुळे प्रश्न बदलतात. युनिटचा दर दरवर्षी वाढणार का, किती टक्क्यांनी? करार किती वर्षांचा, आणि मुदत संपल्यावर पॅनेल आपले होणार का? स्लॅब गळायला लागला तर पॅनेल काढून परत बसवायचा खर्च कोणाचा? घर विकलं, किंवा वाटणी झाली, तर? कंपनीच बंद पडली तर? आणि मधेच बाहेर पडायचं तर किती भरावं लागेल? यातल्या एकाही प्रश्नाला ‘बघू ते पुढे’ असं उत्तर आलं तर सही नको. बाहेर पडायला अवाच्या सवा दंड लावणारा, किंवा फक्त कंपनीला मनाला येईल तेव्हा मोडता येणारा करार कायद्यात अनुचित करार ठरू शकतो. त्याविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

कायद्याचं नाव ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. जुना कायदा १९८६ चा होता. नव्यात आपल्या सोयीच्या काही गोष्टी आल्या आहेत. आधी तक्रार करायला कंपनीचा कारभार जिथे, किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे जावं लागायचं. आता आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनी सुरतेची असो की पुण्याची. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. म्हणजे घरगुती सोलरच्या तक्रारीला जवळजवळ कधीच फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची, ती मात्र पाळा. आणि ज्याने पैसे दिले तोच ग्राहक असं नाही. त्याच्या संमतीने जी वस्तू वापरते तीही कायद्याने ग्राहक आहे. नवऱ्याने सोलर घेतलं असलं तरी तक्रार तुम्ही करू शकता. एकाच विक्रेत्याने एकाच पद्धतीने अनेकींना फसवलं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार चालते. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. आयोगात लाटणं लागत नाही, बिलं लागतात. पण एकट्या बाईच्या कागदापेक्षा अकरा जणींचा कागद जड पडतो, हे तेव्हाइतकंच खरं आहे.

बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ असं म्हणणाऱ्याला सांगा, लागू दे. बिल नसेल तर वॉरंटी कोणत्या कागदावर मागणार?

वहिनींसोबत आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी विक्रेत्याला पत्र लिहिलं, एका पानाचं. काय सांगितलं होतं, काय दिलं, काय राहिलं, आणि १५ दिवसांत काय हवं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवलं आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. त्या मुलाचे सुरुवातीचे मेसेज, ‘लाईट गेली तरी चालेल’ असं लिहिलेला त्याचा फोटो, हे सगळं वहिनींच्या मोबाईलमध्ये होतं. वहिनींनी पुसलं नव्हतं, हे आमचं नशीब. मग योजनेच्या पोर्टलवर तक्रार टाकली. मग १९१५ लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी क्रमांक दिला आणि कंपनीकडे विचारणा केली. दरम्यान उपविभागात सासऱ्यांच्या नावाच्या जागी नवीन नावाचा अर्ज दिला. बँकेला पत्र देऊन कर्जाच्या कराराची आणि विवरणपत्राची प्रत मागितली. ती यायला तीन आठवडे लागले, आणि आली ती इंग्रजीत. तीही आता पुराव्यातच लावली आहे.

नवव्या दिवशी विक्रेत्याचा माणूस आला. मुलगा तोच नव्हता, आवाज बराच मऊ होता. म्हणाला, तक्रार मागे घ्या, सगळं करून देतो. वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘आधी करा, मग बघू.’ हे आम्ही शिकवलेलं नव्हतं.

नेट मीटर मागच्या पंधरवड्यात लागला. पहिल्या महिन्याचं बिल यायचं आहे. वाढीव बिलांच्या दुरुस्तीचा अर्ज उपविभागात आहे. नाव बदललं, सबसिडीची फाईल पुढे सरकली, पैसे अजून आलेले नाहीत. आले की थेट कर्जात भरायचे असं वहिनींनी ठरवलं आहे. नव्वद युनिटला तीन किलोवॅट विकल्याची आणि खोटं सांगितल्याची तक्रार जिल्हा आयोगात ऑनलाईन दाखल केली आहे. ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या करता येते, पण आम्ही सेतू केंद्रात बसून केली, कारण कागद स्कॅन करायचे होते. पहिली तारीख पुढच्या महिन्याच्या १८ ला आहे. आमच्यातल्या दोघी वहिनींसोबत जाणार आहेत. सकाळची सातची एसटी आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी केंद्रावर कळवा. येताना आपलं लाईट बिल आणा, वाटेत बारा महिन्यांची बेरीज करू.